वाढदिवसाचं जेवण हॉटेलात फसलं तर भांडावं की गप्प बिल भरून यावं?

तुम्ही विचारलंय, आईच्या साठीला सगळे हॉटेलात गेलो, तासभर कुणी ढुंकून बघितलं नाही, जेवण गार आलं आणि वर बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज. तो द्यावाच लागतो का? आणि अशा वेळी भांडायचं की नाही?

चार्जचं आधी सांगतो, ते सोपं आहे. द्यावा लागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला तशा सूचना काढल्या. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप धरायचा नाही, दुसरं नाव देऊनही लावायचा नाही, द्यायचा की नाही ते गिऱ्हाइकानं ठरवायचं. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या, पण २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं त्या सूचना कायम ठेवल्या. जीएसटीची गोष्ट वेगळी. साध्या हॉटेलात तो ५ टक्के, आणि जेवण कसंही असलं तरी तो भरायचाच. (हॉटेल कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत असेल तर मात्र त्याला जीएसटी वेगळा लावता येत नाही. बिलावर तसं लिहिलेलं असतं, बघत जा.)

आता भांडायचं का? मी दोन्ही करून बसलोय, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

आमच्या आण्णांना पंच्याहत्तर पूर्ण झाली. आयुष्य उद्यमनगरातल्या फौंड्रीत, म्हणजे साच्यात लोखंड ओतायच्या कारखान्यात गेलं. कोल्हापुरात राहून हॉटेलात मटण खायला जायचं म्हणजे घरात जेवण करणारं कुणी नाही असा अर्थ होतो, असं त्यांचं ठाम मत. तरी नातवंडांनी हट्ट केला. ताई-दाजी सांगलीहून आले. रविवारची रात्र, आम्ही अकरा जण, आणि हायवेच्या बाजूचं नवंकोरं, काचा लावलेलं हॉटेल. टेबल दोन दिवस आधी सांगून ठेवलं होतं.

अर्धा तास पाणीसुद्धा आलं नाही. सात टेबलांना मिळून एकच पोरगं. अठरा-एकोणीसचं असेल. "आलो, आलो" म्हणत आमच्या बाजूनं तीनदा गेलं. शेवटी आलं तेव्हा आण्णांनी आधी अळणी मागितलं. ते म्हणालं, "मेनूत नाही, सर." बाहेरच्यांसाठी सांगतो, अळणी म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी. आमच्याकडे लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना पहिल्यांदा तेच देतात, आणि पांढरा रस्सा त्याच्यावरच होतो. म्हणजे आत भांडं भरून असणारच. नुसता शब्द त्याला कुणी सांगितला नव्हता.

कोल्हापुरात हॉटेलची खरी परीक्षा रश्श्याच्या दुसऱ्या वाटीला होते. चांगल्या ठिकाणी वाढपी भांडं घेऊन फिरतच असतो, "तांबडा का पांढरा?" करत. वाटीवर हात आडवा धरल्याशिवाय थांबत नाही. इथं पहिलीच वाटी गार. पांढरा रस्सा गार झाला की वर चरबीची पातळ साय धरते. आण्णांनी ती चमच्यानं गोळा केली, ताटाच्या कडेला लावली आणि खाली मान घालून जेवायला लागले. मी बघितलं, ताईनं बघितलं, दाजींनी बघितलं. "जाऊ दे, आज वाढदिवस हाय" म्हणून सगळे गप्प. माझी चूक झाली ती इथं.

मग केक. आम्हीच बेकरीतून नेलेला, फ्रिजमध्ये ठेवायला दिला होता. त्यांनी तो टाकला डीप फ्रीजरमध्ये. मेणबत्त्या उभ्या राहीनात, सुरी आत जाईना. आण्णा म्हणाले, "छिन्नी-हातोडा आणा कुणीतरी." सगळे हसले. त्या रात्री मनापासून हसलो ते तेवढंच.

बिल आलं तेव्हा मात्र माझा पारा चढला. जेवणाचे ४६००, त्यात दुसऱ्या वाटीचे 'एक्स्ट्रा रस्सा' म्हणून पैसे, त्यावर सर्व्हिस चार्ज ४६०, आणि त्या चार्जवरही जीएसटी. गल्ल्यावर जाऊन मी आवाज चढवला. गल्ल्यावरच्यानं वाद घातलाच नाही. दुसरं बिल काढून दिलं, चार्ज गायब. ४८३ रुपये वाचले. त्याला हे रोजचंच असावं, कुणी बोललं की काढायचं, नाही बोललं की आपले.

वळून बघतो तर आई पर्स मांडीवर धरून खाली बघत बसलेली, शेजारच्या टेबलावरची पोरं माझ्याकडे टकामका बघतायत, आणि आण्णा त्या पोराच्या हातात शंभराची नोट कोंबतायत. गाडीत मी विचारलं, त्याला कशाला दिले? म्हणाले, "एका माणसाकडं सात साचे दिल्यावर माल कसा ईल रे? त्यो मुकादमाचा दोष."

तेव्हा तुम्हाला माझं सांगणं इतकंच की बोलायचं असेल तर पहिल्या वीस मिनिटांत बोला. टेबलावरून ओरडू नका, पोराला तर अजिबात बोलू नका. एकानं उठून गल्ल्यावर जायचं आणि नेमकं सांगायचं, "आमच्या टेबलाला एक माणूस द्या, नाहीतर आम्ही ऑर्डर न देता उठतो." अकरा माणसांचं टेबल रिकामं होणार म्हटलं की माणूस सापडतो. गार आलेलं ताट तिथल्या तिथं परत पाठवा, संपवून तक्रार केली तर कोण ऐकणार? आणि सर्व्हिस चार्ज लावता का, हे बसायच्या आधीच विचारा. लावत असतील तर नको म्हणून तेव्हाच सांगा, म्हणजे बिलाच्या वेळी घरच्यांसमोर तमाशा होत नाही.

तुमचं बिल जपून ठेवलं असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फोनवर होते. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण गार रश्श्यासाठी तारखा घालत बसायचं का, ते तुम्ही बघा. मी गेलो नाही. नेटवर लिहिलंत तर मालकाबद्दल लिहा, वाढणाऱ्या पोराचं नाव घालू नका.

आम्ही तिथून सरळ कॉकटेल प्यायला गेलो. दचकू नका, कोल्हापुरात कॉकटेल म्हणजे ग्लासभर आईस्क्रीम, फळं आणि सुकामेवा. आण्णांनी दोन ग्लास संपवले. केक सकाळपर्यंत मऊ झाला होता, तो त्यांनी चहात बुडवून खाल्ला.