वाचकांचे प्रश्न : दर महिन्याला पैसे भरूनही कर्ज वाढतेच कसे?

प्रश्न : मी ३६ वर्षांचा असून नाशिकजवळच्या एका खासगी कारखान्यात नोकरी करतो. हातात ५२,००० रुपये येतात. घर वडिलांनी बांधलेले आहे, त्यामुळे भाडे नाही. किराणा, दूध, वीज धरून घरखर्च २४,००० आणि मुलीची शाळा, पेट्रोल, आईची औषधे मिळून ६,००० रुपये होतात. एका क्रेडिट कार्डावर १,४०,००० आणि दुसऱ्यावर ६५,००० रुपये बाकी असून दोन्हींची फक्त किमान रक्कम मी भरतो. पर्सनल लोनचा हप्ता ९,६०० आणि मोबाइल व टीव्हीचे हप्ते मिळून ४,३०० रुपये आहेत. त्या लोनमधून गेल्या वर्षी मोटारसायकल घेतली; जुनी स्कूटर घरात आहेच. मेहुण्याकडून ५०,००० रुपये हातउसने घेतले आहेत. कारखान्यातील कामगारांची पतसंस्था १२ टक्क्यांनी कर्ज देते, पण तेथे अर्ज केला तर सर्वांना कळेल म्हणून गेलो नाही. पत्नीला कार्डांविषयी काहीच माहीत नाही. सोबत तीन महिन्यांची कार्डबिले जोडली आहेत. मी काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही बिलांसह सर्व आकडे पाठवलेत, हे फार चांगले केलेत. बहुतेक पत्रांत ‘कर्ज बरेच झाले आहे’ एवढेच लिहिलेले असते आणि ‘बरेच’ या शब्दावर कोणताही उपाय करता येत नाही. तुमचे आकडे मी कागदावर मांडून पाहिले.

आधी किमान रकमेबद्दल लिहितो, कारण तुमची समजूत अशी दिसते की ती भरली की त्या महिन्यापुरती जबाबदारी संपली. तुमच्या बिलांवर व्याजाचा दर दरमहा ३.५ टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के छापलेला आहे. १,४०,००० रुपयांवर महिन्याचे व्याज ४,९०० रुपये होते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ५,७८२ रुपये. तुम्ही भरता ७,०००, म्हणजे मुद्दलातून कमी होतात जेमतेम १,२१८ रुपये. दुसऱ्या कार्डाचे ३,२५० रुपये भरल्यावर मुद्दल सुमारे ५६५ रुपयांनी उतरते. दोन्ही मिळून १०,२५० रुपये खिशातून जातात आणि कर्ज १,८०० रुपयेही हलत नाही. शिवाय मागील बिल पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या वस्तूवर आजपासूनच व्याज लागते, ही गोष्ट कार्ड देताना कोणी ठळकपणे सांगत नाही.

आता तुमचा महिना पाहू. घर आणि शाळा मिळून ३०,०००, सर्व हप्ते व किमान रकमा मिळून २४,१५०, एकूण ५४,१५०. पगार ५२,०००. म्हणजे पहिल्या तारखेलाच २,१५० रुपयांची तूट ठरलेली असते आणि ती भरायला पुन्हा कार्ड पुढे येते. याची टोपी त्याला घालण्याचा हा प्रकार तुमच्या आळसामुळे चाललेला नसून आकड्यांची रचनाच तशी झाली आहे. यापुढे नुसते जपून खर्च करून तो थांबणार नाही.

जपून खर्च करणे तरीही आवश्यकच आहे. तीन महिन्यांच्या बिलांत ११८ व्यवहार आहेत आणि त्यांतले ९४ व्यवहार ७०० रुपयांच्या आतले आहेत. बेरीज ३१,४०० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण साडेदहा हजार. त्यांत चैनीची एकही मोठी वस्तू नाही, म्हणूनच आपण उधळपट्टी करतो असे तुम्हाला कधी वाटले नसावे. मात्र दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. पगार झाल्यानंतरच्या पहिल्या दहा दिवसांत निम्म्याहून अधिक व्यवहार झाले आहेत. आणि हॉटेलांची बिले तीन-चार माणसांच्या जेवणाची आहेत, म्हणजे मित्रांबरोबर गेल्यावर पैसे बहुधा तुम्हीच देता. माझा हा तर्क बरोबर असेल तर त्यावर थोडे थांबून विचार करावा. चार लोकांत ‘राहू दे, मी देतो’ म्हणताना माणसाला आपण सुस्थितीत असल्याचे समाधान मिळते, आणि ज्याच्या डोक्यावर गुप्त कर्ज आहे त्याला त्या समाधानाची गरज इतरांपेक्षा जास्त भासते. सहकारी बँकेच्या कर्जविभागात अनेक वर्षे बसून मी हे पुन्हा पुन्हा पाहिले: थकबाकीदारांमध्ये कंजूष माणूस क्वचित सापडे, हात मोकळा असलेला सज्जन माणूस वारंवार सापडे. तुमचा स्वभाव वाईट नाही, फक्त त्याचा खर्च सध्या ४२ टक्के व्याजाने चालला आहे.

म्हणून पहिले काम बँकेतले नाही, घरातले आहे. पत्नीला सर्व सांगा. येत्या रविवारी, घरात पाहुणे नसताना, सर्व बिले आणि कर्जाचे कागद समोर ठेवून एकदाच आणि पूर्ण सांगा. अर्धे आज आणि अर्धे पुढच्या महिन्यात असे केलेत तर रकमेपेक्षा त्या दुसऱ्या वेळेचा घाव खोल जाईल. त्यांना राग येईल, आणि तो रास्त असेल. परंतु आज घरखर्चाचे २४,००० रुपये त्या कोणत्या समजुतीने खर्च करतात याचा विचार करा: घरात काही अडचण नाही, या समजुतीने. निम्मी माहिती लपवून ठेवलेल्या घरात काटकसर होऊच शकत नाही. पतसंस्थेच्या बाबतीतही तुम्ही हेच केले. चारचौघांत कळेल या भीतीने १२ टक्क्यांचे दार टाळून ४२ टक्क्यांच्या दारात उभे राहिलात, आणि त्या संकोचापायी दर महिन्याला हजारो रुपये गेले.

त्यानंतर मोटारसायकल विका. हे वाचून वाईट वाटेल, पण घरात स्कूटर आहे आणि गाडीची किंमत दर महिन्याला उतरत आहे. समजा १,१०,००० रुपये आले, तर ६५,००० चे कार्ड पूर्ण फेडून लेखी अर्जाने बंद करा. सर्व बाकी भरल्यावर अर्ज केला की सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बंधनकारक आहे. उरलेले ४५,००० मोठ्या कार्डात भरा. राहिलेल्या ९५,००० रुपयांसाठी पतसंस्थेत अर्ज करा आणि तेही कार्ड फेडून बंद करा. दोन वर्षांच्या मुदतीला १२ टक्क्यांनी हप्ता सुमारे ४,४७० रुपये येईल. जामीनदारांना तुमच्या कर्जाचा पूर्ण आकडा सांगूनच सही घ्या, कारण भारतीय करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कार्डावरच्या साडेदहा हजारांपैकी खरोखर गरजेचे ३,००० रुपये रोखीत धरले, तरी महिना ५१,३७० रुपयांत बसतो. हातात ६३० रुपये उरतात. रक्कम लहान आहे, पण नवे कर्ज न होणारा हा तुमचा बऱ्याच काळानंतरचा पहिला महिना असेल. मोबाइल व टीव्हीचे हप्ते संपतील तेव्हा ते ४,३०० रुपये हॉटेलांकडे जाऊ देऊ नका. त्यातून आधी मेहुण्यांचे पैसे फेडा. ते बिनव्याजी आहेत म्हणून शेवटी ठेवण्याचा मोह होईल, परंतु नाते जपायचे असेल तर त्यांना आजच भेटून पहिला हप्ता कोणत्या महिन्यात देणार ते सांगा.

सवयीसाठी एवढेच करा: खरेदीच्या सर्व ॲपमधून कार्डांची साठवलेली माहिती काढून टाका, यूपीआयची दैनंदिन मर्यादा कमी करून घ्या, पगाराच्या दुसऱ्याच दिवशी सर्व हप्ते जातील अशी तारीख मागून घ्या आणि आठवड्याचा वरखर्च पाकिटात रोख ठेवा. मोबाइलवरून पैसे देताना हातातून काही गेल्यासारखे वाटत नाही. नोट देताना वाटते, आणि तुम्हाला सध्या त्या जाणिवेची गरज आहे. मित्रांना मात्र सबबी सांगू नका. ‘काही महिने हात आखडता आहे’ हे एक वाक्य पुरेसे असते, आणि खरे मित्र त्याचे कारण विचारत नाहीत.

मध्यंतरी एखादा हप्ता चुकण्याची वेळ आलीच, तर तारखेच्या आधी बँकेत जाऊन लेखी कळवा. खात्यात पैसे नसल्याने स्वयंचलित हप्ता परत गेला तर त्यावर चेक न वटल्याप्रमाणे फौजदारी तक्रार होऊ शकते. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करण्यास, तसेच धमकावण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. आणि ‘तडजोडीने कमी रकमेत मिटवून देतो’ असे कोणी सांगितले तर थांबा: तशा खात्यावर सिबिलच्या अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो आणि पुढे घरासाठी किंवा मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तो आडवा येतो. तुमचे कर्ज पूर्ण फिटण्याजोगे आहे, तुम्हाला त्या वाटेने जाण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ कर्जात आहे. मी यापूर्वी दोनदा त्याचे पैसे भरले. आता तो माझे दागिने गहाण ठेवून शेवटची मदत कर असे म्हणतो. नाही म्हटले तर आईला वाईट वाटेल.
– एक शिक्षिका, सांगली

उत्तर : ताई, दोनदा कर्ज फिटले आणि दोनदा पुन्हा झाले, यावरून पैसे अपुरे पडले नव्हते हे उघड आहे. दागिने गहाण ठेवू नका. सोनेतारण कर्ज फिटले नाही तर नोटीस देऊन दागिन्यांचा लिलाव होतो आणि तो धोका भावाचा नसून पूर्णपणे तुमचा असेल. भावाला सांगा की कोणाचे किती देणे आहे याची यादी आणि सहा महिन्यांचे बँकेचे स्टेटमेंट घेऊन आईसमोर बस. तो बसला, तर तुम्हाला परत मागावी लागणार नाही एवढ्याच रकमेची मदत करा. ती त्याच्या हातात न देता थेट कर्जखात्यात भरा आणि खाते बंद झाल्याचा बेबाकी दाखला मागून घ्या. तो यादी दाखवायलाच तयार झाला नाही, तर आईला तुमचा नकार समजावून सांगणे तुम्हाला आज वाटते तितके अवघड जाणार नाही.