मंक्टनला जाऊन फ्रेंचकडे पाठ?

“काकू, ह्यांच्या फ्रेंचमुळे पीआर (कॅनडात कायम राहायचा परवाना) मिळालं, काम झालं. दुकानात सगळे इंग्रजीच बोलतात. मग त्या फ्रेंच केंद्रात कशाला जायचं?” असं तू लिहितेस. आणि चारच ओळींनंतर, “दिवसभर घर खायला उठतं.” अगं, तुझं उत्तर तुझ्याच पत्रात आहे!

तुझं मंक्टन ज्या न्यू ब्रन्सविकमध्ये आहे, तो कॅनडातला एकमेव अधिकृत द्विभाषिक (इंग्रजी-फ्रेंच) प्रांत; कायदा 1969चा. तिथल्या अकेडियन, म्हणजे जुन्या फ्रेंच वसाहतीतल्या, लोकांच्या पूर्वजांना 1755पासून इंग्रजांनी घरादारासकट हुसकावलं. जे परतले, त्यांनी भाषा सोडली नाही. मंक्टनला 1963पासून फ्रेंच विद्यापीठ आहे. अशा लोकांना फ्रेंच बोलणारं नवं कुटुंब हवंच असतं. म्हणून तर तिथे ‘काफी’ हे स्थलांतरितांचं फ्रेंच केंद्र आहे. शाळाप्रवेश, आरोग्यकार्ड, नोकरीचा अर्ज, सगळ्याला मदत करतात, तीही फुकट.

माझं आजोळ इंदूरचं. बदली होऊन कुणी मराठी कुटुंब आलं की आजोबा पहिल्याच संध्याकाळी त्यांच्या दारात. हातात पोह्यांचा डबा, खिशात चिठ्ठी: दूधवाला, डॉक्टर, शाळा. मराठी वाचनालय टिकवायला त्यांना माणसं हवी होती आणि नवख्यांना आधार.

इथे मॅनिटोबा प्रांतात, विनिपेगला आल्यावर मीही आठ महिने नदीपलीकडच्या सेंट बोनिफेस या फ्रेंच वस्तीत फिरकले नाही. शेवटी गेले, तर एक आजीबाई माझा फॉर्म भरायला शेजारी बसल्या. मी चुकीचा उच्चार केला की पेन खाली ठेवायच्या, ओठांचा चंबू करून दाखवायच्या, माझा जमला की पुन्हा पेन उचलायच्या. मॅनिटोबात 1916मध्ये शाळेतलं फ्रेंच शिक्षण बंद केलं होतं. इन्स्पेक्टर आला की या आजीबाईंची आई फ्रेंच पुस्तक बाकाखाली लपवायची, हे त्यांनीच मला सांगितलं. पुढे माझ्या लेकीच्या बारशाला त्या पाळण्याशेजारी बसल्या होत्या.

तेव्हा “लाज वाटते, व्याकरण चुकतं” हे मला सांगू नकोस. तिथली बोली ‘शियाक’, तिच्यात इंग्रजी शब्द सर्रास मिसळलेले असतात. तुझ्या चुका कोण मोजणार?

बाकीचं थोडक्यात. सासूबाईंसाठी सुपर व्हिसा (आईवडिलांना दीर्घकाळ राहता येतं तो) बघा, निदान वर्षभराचा वैद्यकीय विमा लागेल. मुलगा मराठी विसरेल ही भीती सोड. घरात मराठीच बोला. हिवाळ्याचे टायर आत्ताच घ्या.

सोमवारी त्याला शाळेत सोडलंस की परस्पर केंद्रात जा. चकल्या केल्या असशील तर डबा भरून ने.