घरात हनुका आणि नाताळ दोन्ही? पहिल्या वर्षी एवढंच बघा

ताई, हनुका (ज्यूंचा आठ रात्रींचा दिव्यांचा सण) आणि नाताळ एकाच घरात पहिल्यांदा कसे करायचे विचारलंत ना, टेन्शन नका घेऊ. आमचे बाबा बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू, आई वसईची कॅथलिक, ठाण्यात दोन्ही सण करतच मोठे झालो आम्ही.

१. तारीख आधी बघा. हनुका हिब्रू पंचांगाने येतो, २०२४ ला बरोब्बर २५ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाला, २०२५ ला १४ लाच.

२. सण आठ रात्रींचा म्हणून लोक मेणबत्त्या पण आठच आणतात आणि तिसऱ्या रात्रीच कमी पडतात! रोज एक वाढते, शिवाय बाकीच्या पेटवायला शमाश वेगळी, म्हणजे एकूण ४४ लागतात. मांडायच्या उजवीकडून पण पेटवायच्या डावीकडून, नवीन आधी. यावरून आमच्याकडे दरवर्षी भांडण, बाबांना स्वतःलाच आठवायचं नाही.

३. सगळ्यात मोठी चूक म्हणजे हनुकाला 'ज्यूंचा नाताळ' म्हणणं. नाताळ हा येशूच्या जन्माचा, हनुका हा जेरुसलेमचं मंदिर परत मिळवून शुद्ध केल्याचा सण. पोरांना दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगा, कळतात त्यांना.

हनुकाला तळणीचं करतात, पण वेगळा घाट घालू नका, आईच्या कुलकुलांची (नाताळच्या गोड तळणीची) कढई तापलेली असायचीच, त्यातच बाबांचे बटाटेवडे निघायचे.

हिब्रू प्रार्थना वगैरे पुढच्या वर्षी बघू.