वाचकांचे प्रश्न: शेजाऱ्याचं कुत्रं चावलं, आता पुढं?

या वेळी पाळीव जनावरांवरून शेजाऱ्यांत झालेल्या वादांची पत्रं एकत्र घेतली आहेत. उपचाराची बाजू डॉक्टर आणि पशुवैद्यांनी, कायद्याची बाजू वकिलांनी पाहिली आहे.

प्रश्न: कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या शेजारच्या काकांकडं लॅब्रॅडोर आहे. माझा नऊ वर्षांचा मुलगा चेंडू आणायला त्यांच्या फाटकातून आत गेला, तेव्हा ते त्याच्या पोटरीला चावलं. दाताच्या दोन खुणा आहेत, थोडं रक्त आलं. सासूबाईंनी हळद आणि तिखट लावलं. काका म्हणतात, "आमच्या कुत्र्याला सगळी इंजेक्शनं दिलीत, पोराला टोचायची गरज नाही." आमचे हे म्हणतात, आधी ते कुत्रं गल्लीतून घालवा. मी काय करू?

ताई, तुम्हाला फोनवर लगेच कळवलंच आहे. हाच प्रसंग आणखी कोणावर येईल म्हणून इथं सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी जखम. तिखट-हळद धुऊन काढा. नळाच्या वाहत्या पाण्याखाली, साधा अंगाचा साबण लावून, घड्याळ बघून १५ मिनिटं जखम धुवायची. पंधरा मिनिटं हा फार मोठा वेळ वाटतो; बहुतेक घरांत दोन मिनिटांतच नळ बंद होतो. रेबीजचा विषाणू लाळेतून येतो आणि साबणानं मरतो, म्हणून हा भाग सोडून चालत नाही. नंतर पोव्हिडोन आयोडीन लावा. पट्टी घट्ट बांधू नका. तिखट, चुना, तेल, कॉफी यांनी जखम चिडते आणि विषाणू आत ढकलला जातो. टाके घालण्याची घाई डॉक्टरही करत नाहीत, घालावेच लागले तर जखमेत सीरम दिल्यानंतर घालतात.

रक्त आलं म्हणजे हा तिसऱ्या श्रेणीचा चावा. (नुसतं चाटलं आणि कातडी धड असेल तर पहिली श्रेणी, रक्त न येणारा ओरखडा असेल तर दुसरी.) तिसऱ्या श्रेणीत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (विषाणूविरुद्धची तयार प्रतिपिंडं), म्हणजे लोक ज्याला सीरम म्हणतात ते, दोन्ही लागतं. लस कातडीत द्यायची असेल तर ०.१ मिली दोन जागी, पहिल्या दिवशी आणि मग ३, ७ व २८ व्या दिवशी. दंडाच्या स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी असे पाच डोस (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). कातडीत बरोबर दिली की तिथं मसुराएवढा फुगवटा उठतो. तो उठलाच नाही तर सुई खोल गेली. तसं लगेच सांगा, तो डोस पुन्हा द्यावा लागतो. कुल्ल्यावर ही लस देत नाहीत, चरबीत ती नीट लागू पडत नाही.

सीरम वजनावर ठरतं: माणसाच्या रक्तापासून बनवलेलं असेल तर किलोमागं २० युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर ४०. तुमचा मुलगा २५ किलोचा असेल तर अनुक्रमे ५०० किंवा १,००० युनिट. ते शक्य तितकं थेट जखमेत आणि जखमेभोवती भरतात. मूल रडतं, पण म्हणून ते टाळू नका. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून ७ दिवसांपर्यंत देता येतं. सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) आणि इतर सरकारी रुग्णालयांत लस मोफत मिळते. धनुर्वाताचं इंजेक्शन राहिलं असेल तर तेही तिथंच घ्या.

आता काकांचं म्हणणं. ते खोटं बोलत असतील असं नाही, पण कुत्र्याला लस दिलेली आहे या शब्दावर मुलाचा उपचार थांबवत नाहीत. लस वेळेवर दिली का, ती टोचेपर्यंत सतत थंड ठेवलेली होती का, गेल्या वर्षीचा डोस चुकला का, हे तोंडी कळत नाही. कार्ड मागा. त्यावर कुत्र्याचं वर्णन, लसीच्या कुपीचं चिकटवलेलं लेबल, तारीख, पुढची तारीख आणि पशुवैद्याची सही व नोंदणी क्रमांक हवा. पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर, मग ठरल्याप्रमाणे बूस्टर, आणि पुढं दर वर्षी. कार्ड अगदी चोख असलं तरी मुलाची लस सुरूच करायची. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

आणि तुमच्या यजमानांना आमचं कळकळीचं सांगणं: हे कुत्रं पुढचे १० दिवस तुम्हाला डोळ्यांसमोर हवं आहे. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू आजार दिसण्याच्या काही दिवस आधी येतो, आणि आजार दिसल्यावर ते थोड्या दिवसांत मरतं. चावलेलं कुत्रं दहाव्या दिवशीही खातंपितं, धडधाकट असेल तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. कुत्र्यांना आणि मांजरांना हा नियम लागू होतो. त्याला मारलं, घालवलं, कुठं सोडून आलात तर ही खात्री कायमची गेली. मग ते पिसाळलेलं होतं असं धरूनच डॉक्टरांना चालावं लागतं. शिवाय कुत्र्याला मुद्दाम पंगू केलं किंवा ठार मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

म्हणून आज काकांशी भांडू नका. दहा दिवस कुत्रं घरात बांधून ठेवा, आणि रोज संध्याकाळी त्याचा खातानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ पाठवा, एवढंच मागा. आवाज घोगरा होणं, जबडा लोंबणं, लाळ गळणं, न खाणं, साखळी चावणं, ओळखीच्या माणसावर धावणं यांतलं काहीही दिसलं तर त्याच तासाला पशुवैद्य आणि तुमचे डॉक्टर, दोघांना कळवायचं. दहा दिवस नीट गेले तरी मुलाचे डोस आपल्या मनानं बंद करू नका, ते डॉक्टर ठरवतील.

प्रश्न: नागाळा पार्कात आमची जर्मन शेफर्ड कुत्री आहे. तिनं शेजारच्या वहिनींच्या हाताला दात लावला. खर्च द्यायला आम्ही तयार आहोत, पण त्यांच्या घरचे ५०,००० रुपये मागतात. ५,००० रोख देऊन मिटवावं का? तोवर कुत्री गगनबावड्याला मामांकडं ठेवायचा विचार आहे.

कुत्री कुठंही पाठवू नका. वरचं उत्तर वाचलंत तर कारण कळेल. आणि वहिनींच्या घरच्यांना वाटेल की तुम्ही काहीतरी लपवताय. उलट आजच पशुवैद्याकडं नेऊन तपासणीचा कागद घ्या, दहाव्या दिवशी पुन्हा घ्या, आणि दोन्ही कागद लसीच्या कार्डासोबत शेजाऱ्यांना स्वतः नेऊन द्या. निम्मा राग तिथंच उतरतो.

पैशाचं आताच ठरवू नका. शेवटचा डोस २८ व्या दिवशी आहे, तोवर खर्चाचा आकडा कोणालाच माहीत नसतो. तोवर औषधं आणि रिक्षाभाड्याचे पैसे लागतील तसे द्या, रोख नको, यूपीआयनं, आणि सोबत "उपचार खर्च, तारीख अमुक" असं लिहून. २८ दिवसांनंतर बसून हिशेब करा: औषधं, तपासणी, प्रवास, बुडालेली मजुरी किंवा रजा, फाटलेले कपडे, व्रणावर पुढं उपचार लागणार असेल तर डॉक्टरांचा लेखी अंदाज. ५०,००० रुपये या बाबींत बसतात का ते दोघांनाही कागदावर दिसेल.

लिखापढीत एक चूक फार होते. "तक्रार न करण्याबद्दल इतके रुपये दिले" असं लिहितात. गुन्हा दडपण्यासाठी केलेला करार कायद्यानं टिकत नाही, आणि तो कागद उलट देणाऱ्यावरच येतो. "झालेल्या दुखापतीच्या उपचारखर्चाची व नुकसानीची भरपाई" असंच लिहा. ५०० रुपयांचा मुद्रांक, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, बिलांची यादी जोडलेली. कुत्रीबद्दलच्या अटीही त्यातच घाला: बाहेर नेताना सहा फुटांपेक्षा लांब पट्टा नको, जिन्यात व लिफ्टमध्ये तोंडाला जाळी, फाटकाला आपोआप बंद होणारी स्प्रिंग, आणि खालची फट फळी ठोकून बुजवलेली. बऱ्याच चाव्यांचं मूळ फाटकाच्या झिजलेल्या कडीत असतं. उघडझाप करणारा लांब दोरीचा पट्टा गर्दीत वापरू नये. बटण दाबेपर्यंत कुत्रं पोचलेलं असतं.

बोलणी फिसकटली तर जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं दाव्याआधीच्या तडजोडीसाठी अर्ज करता येतो. स्त्रिया आणि मुलांना तिथं उत्पन्नाची अट न घालता मोफत मदत मिळते. लोकअदालतीत झालेला निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही.

प्रश्न: मंगळवार पेठेत रात्री भाऊ मोटरसायकलवरून येताना शेजाऱ्यांचं मोकळं कुत्रं मागं लागलं. तो पडला, कॉलर बोन मोडलं. पोलीस म्हणाले, "चावलेलं नाही, मग तक्रार कसली?" शेजारी म्हणतात, "आम्ही फाटकावर पाटी लावलीय."

चावायलाच हवं असं कायद्यात कुठंही नाही. न्याय संहितेचं कलम २९१ म्हणतं की ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हाड मोडणं ही कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत, त्यामुळं निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केल्याचं कलम १२५ (ब) सुद्धा लागू शकतं. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "कुत्र्यापासून सावध राहा" ही पाटी मालकाला सोडवत नाही. कुत्रं अंगावर जातं हे त्यांना माहीत होतं, एवढंच तिच्यावरून दिसतं.

ठाण्यात लेखी फिर्याद द्या, पोच घ्या. नोंदवून घेतली नाही तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना टपालानं पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) मध्ये तशी सोय आहे. तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज. २९१ च्या गुन्ह्याची दखल न्यायालयानं घेण्याची मुदत एक वर्षाची आहे, "बघू पुढं" म्हणत ती घालवू नका. नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याला साधारणपणे तीन वर्षं मिळतात.

पुराव्याचं सांगतो, कारण खटले तिथंच पडतात. केसपेपर आजच बघा. त्यावर नुसतं "गाडीवरून पडून" असेल तर प्रकरण अर्धं गेलं. "कुत्रं मागं लागल्यानं पडून" हे कारण डॉक्टरांना पहिल्याच तपासणीत सांगायचं असतं. गल्लीतल्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मालकाला सांगून लगेच उतरवून घ्या, आणि न्यायालयात द्यायचं तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. हे कुत्रं आधी कोणाच्या मागं लागलं होतं का, तेही विचारा. आधीची एखादी लेखी तक्रार असेल तर मालकाला "माहीत नव्हतं" म्हणता येत नाही. मात्र भाऊ वेगात होता किंवा हेल्मेट नव्हतं, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते, हे धरून चला.

चित्रणाला किती वजन असतं ते मुंबईत दिसलं. वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये लिफ्टमधल्या माणसाला कुत्रं चावलं होतं. समोरचे नको म्हणत असताना मालकानं कुत्रं ओढत आत आणल्याचं सीसीटीव्हीत होतं, आणि २०२५ मध्ये त्याला चार महिन्यांची कैद झाली. पण मधली सात वर्षंही मोजा. शिवाय कलम २९१ तडजोडपात्र गुन्ह्यांत नाही, म्हणजे गुन्हा दाखल झाल्यावर आपसात मिटलं तरी तो रद्द करायला उच्च न्यायालयातच जावं लागतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (बाहेरगावी बसणारं खंडपीठ) कोल्हापुरात असल्यानं त्यासाठी मुंबईचे हेलपाटे तरी वाचले.

प्रश्न: आम्ही दारातल्या कुत्र्याला रोज भाकरी घालतो. ते कोणाला चावलं तर आम्ही मालक ठरतो का?

नुसत्या भाकरीनं नाही. पण गळ्यात तुमचा पट्टा, रात्री तुमच्या पोर्चमध्ये झोपणं, लसीच्या कार्डावर तुमचं नाव, हे सगळं जमलं की ते तुमच्या ताब्यात आहे असं म्हणायला जागा होते. तसं असेल तर सरळ ते पाळा, लस द्या, आत ठेवा. नसेल तर जिन्याच्या तोंडाशी, फाटकात किंवा मुलं खेळतात तिथं खायला घालू नका. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत हेच सांगितलं आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानंही रस्त्यावर कुठंही नाही, तर ठरवून दिलेल्या जागीच खायला घालायला सांगितलं.

प्रश्न: शेजाऱ्यांचं कुत्रं आमच्या दुभत्या म्हशीच्या सडाजवळ चावलं. आमचं दूध कट्ट्यावर, म्हणजे ताजं दूध विकायच्या ठिकाणी जातं, लोक ते धारोष्ण, न उकळता पितात. नुकसान कोणी द्यायचं?

आधी म्हशीची जखम हातमोजे घालून साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि पशुवैद्याला बोलवा. चावल्यानंतरची लस जनावरांनाही असते: ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी. कुत्र्याचे दहा दिवस इथंही मोजायचे. तोवर या म्हशीचं कच्चं दूध कट्ट्यावर नेऊ नका. दूध खळखळून उकळलं की विषाणू टिकत नाही, पण धारोष्ण पिणाऱ्याला ते संरक्षण नसतं. कुत्र्यात किंवा म्हशीत रेबीजची लक्षणं दिसली तर दूध पूर्ण बंद करून गिऱ्हाइकांना नावानिशी कळवा.

कुत्रं मुद्दाम अंगावर सोडलेलं नसेल तर हा फौजदारी मामला होत नाही, भरपाई दिवाणी मार्गानं मागायची. पशुवैद्याचा दाखला, लसीची बिलं, आणि चावण्याआधीच्या व नंतरच्या महिन्याची रोजच्या दुधाची वही ठेवा. किती लिटर बुडालं हे वहीवरून दाखवता आलं तर वाद आकड्यावर येतो, आरडाओरड्यावर राहत नाही.

प्रश्न: शेजारच्या आजींच्या पिंजऱ्यातला पोपट मुलीच्या बोटाला चावला. रेबीजची लस घ्यायची का?

नको. रेबीज सस्तन प्राण्यांचा आजार आहे, पक्ष्यांकडून होत नाही. बोट साबणानं धुवा, धनुर्वाताची लस बघा, सूज किंवा ताप आला तर दाखवा. आजींना मात्र हे सांगा की देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेला पोपट उघड्यावर सोडला तर तो जगत नाही, म्हणून सोडून न देता वनविभागाकडं सोपवायला त्यांना मदत करा.