टिनावर कोण चालतं?

पत्र : मावशी, आमचं गाव दारव्ह्याकडचं. दोन महिन्यांआधी गावात एका घरी चोरी झाली, तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही. थ्री फेज लाईन रात्रीची, म्हणून हे हरभऱ्याच्या ओलितासाठी वावरात जातात. घरी सासू, दोन पोरी अन् मी. पुढच्या खोलीत कापूस भरला आहे. टिनावर कोणी चालल्यासारखं वाजतं. मोबाईलवर रोज टोळीचे मेसेज येतात. मी उशाखाली विळा घेऊन झोपते. थोरलीची शिकवणी बंद केली, कारण परतीच्या बसनं उतरून फाट्यापासून अंधारात यावं लागते. लोक म्हणतात, पारधी बेड्यावरच्यांचंच, म्हणजे गावाबाहेरच्या पारध्यांच्या वस्तीतल्यांचंच काम आहे. गावची पोरं काठ्या घेऊन फिरतात. काय करू?

बाई, आधी त्या टिनाचं सांगते. माझं अर्धं आयुष्य टिनाखाली गेलं. दिवसभर उन्हानं तापलेलं टिन रात्री गार पडताना आकसतं आणि खिळ्यापाशी कट्ट वाजतं. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी घाम अन् पहाटे हुडहुडी, त्यामुळे हे वाजणं फार. उद्या दिवस बुडताना अंगणात खाट टाकून बस आणि कान दे. तोच आवाज येईल, फक्त तेव्हा अंगणात चार माणसं असतील म्हणून तुला काही वाटणार नाही. पोरींनाही ऐकव. पहिल्या वर्षी मी बॅटरी घेऊन तीनदा बाहेर गेले होते. तिसऱ्या वेळी सासरे चिडून म्हणाले, "चोर नाही सापडला तर बकरीले पाणी तरी पाजून ये."

आता चोरीचं. ज्या घरी झाली तिथली माणसं त्या रात्री होती कुठं? लग्नाला गेली होती का, दाराला कुलूप होतं का, तू एक शब्द लिहिला नाहीस. बहुतेक तुला कोणी सांगितलंच नसेल. घरफोडी करणारा शक्यतो कुलूप पाहतो. म्हातारी खोकते अन् पोरगी पाण्याला उठते अशा घरात शिरायला त्यालाही भीतीच वाटते. पोलीस पाटलाकडे जा आणि नेमकं काय गेलं, कसं गेलं, तक्रार झाली का, ते विचारून ये. गावात अशी गोष्ट पारावरून तुझ्या ओट्यापर्यंत येईस्तोवर एका चोराचे सहा होतात आणि अंगाला तेलही लागतं.

मोबाईलवरचे मेसेज मात्र मला हसण्यावारी नेता येत नाहीत. २०१८ साली १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारी टोळी आल्याची अफवा होती. मंगळवेढ्याकडचे पाच जण तिथं भिक्षा मागायला आले होते, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून लोकांनी त्यांना ठार मारलं. मारणारे कोणी सराईत नव्हते, आठवडी बाजाराला आलेली माणसं होती. तुझ्या गावची पोरं काठ्या घेऊन फिरतात ना? गस्त घालायचीच तर ग्राम सुरक्षा दल करा, नावं पोलीस पाटलाकडे आणि ठाण्यात द्या, कोणी अनोळखी दिसला तर ११२ ला फोन करा. हात उचलायचा नाही, हे आधीच ठरलेलं असू द्या.

आणि बेड्याचं. इथं मी तुला रागावणार आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की पहिलं बोट अजून बेड्याकडेच जातं. तुझ्या पत्रात 'लोक म्हणतात' एवढाच पुरावा आहे. तुझ्या तोंडून ते वाक्य पुढं जाऊ देऊ नकोस.

पोरीची गोष्ट वेगळी. फाट्यावरचा अंधार हा मनाचा खेळ नाही, म्हणून तिथं मी तुझ्या बाजूनं आहे. पण शिकवणी बंद करून अंधार तसाच राहिला, फक्त पोरगी घरी बसली. आधी तिला एकटीला जवळ घेऊन विचार, रस्त्यात कोणी काही बोलतं का? बोलत असेल तर तिला रागावू नकोस, नाहीतर पुन्हा सांगणार नाही. त्या बसनं गावच्या आणखी दोन-चार पोरी येत असतील. त्यांच्या आया मिळून पाळी लावा, रोज एकीनं फाट्यावर जायचं. आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती कागदावर उरकू देऊ नका. बचत गटातल्या सगळ्या जा, फाट्यापासून वेशीपर्यंत किती खांबांवर दिवे बंद आहेत ते मोजून न्या आणि ठरावात लिहून घ्या. मोजलेला आकडा सरपंचाला टाळता येत नाही.

खरं सांगू? तुझं पत्र वाचून मला काळजी वाटली ती जावईबापूंची. रात्री एकटा माणूस ओल्या पायानं स्टार्टरला हात लावतो, धुऱ्यावर साप, पिकात रानडुक्कर. त्यांची भीती तू एका ओळीतही लिहिली नाहीस. सौर कृषी वाहिनी योजनेत गावाचं फीडर, म्हणजे शेतीला वीज आणणारी लाईन, आलं तर ओलिताला दिवसा वीज मिळते. तुमचं आलं का, ते वीज कंपनीच्या तालुक्याच्या ऑफिसात विचारायला लाव त्यांना. ते रात्री घरी असले तर तुझी निम्मी जागरणं तिथंच संपतील. तोवर शेजारणीशी ठरव, मिस कॉल आला की तिनं ओट्यावरचा लाईट लावायचा. तिचा आला की तू.

उशाखालचा विळा आजच काढून आढ्याला खोच. धाकटी झोपेत लोळत असेल.

— मावशी