वाचकांचे प्रश्न : जुनी क्रूझर घेताना

प्रश्न : माझे वय 51 आहे. रोज धायरीहून शिवाजीनगरला जावे लागते आणि महिन्यातून एकदा भोर किंवा महाबळेश्वरकडे फेरी होते. 2013 सालची, 31,000 किलोमीटर चाललेली रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड 350 ही क्रूझर (लांबच्या प्रवासासाठीची, आरामशीर बैठकीची मोटरसायकल) पाहिली आहे. मालकाने तिला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि रुंद हँडल बसवले आहे. ही घ्यावी, की तितक्याच किमतीत मिळणारी बजाज अव्हेंजर 220?
– एक वाचक, धायरी

उत्तर : आपल्या प्रवासाचा बहुतांश भाग सिंहगड रस्त्याच्या गर्दीतला असल्याने मी अव्हेंजरच्या बाजूने कौल देईन. थंडरबर्डचे वजन सुमारे 190 किलो आणि अव्हेंजरचे सुमारे 155 किलो आहे. हा फरक धावताना जाणवत नाही. सोसायटीच्या उतारावरून गाडी मागे ओढताना मात्र तो रोज जाणवतो. थंडरबर्डचे 346 सीसीचे संथ इंजिन आणि 20 लिटरची टाकी लांबच्या प्रवासात सुखाची आहे, हे मान्य. पण महिन्यातल्या एका दिवसासाठी उरलेले दिवस कष्टाचे करून घेऊ नयेत.

तरीही मन थंडरबर्डवरच असेल, तर गाडी पाहायला सकाळी, न सांगता जावे. विक्रेत्याने आधीच इंजिन तापवून ठेवले असेल, तर थंड गाडी सुरू होताना येणारे आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत. सेल्फ (बटणाने गाडी सुरू करणे) मारताना खडखडाट झाला, तर स्प्रॅग क्लच, म्हणजे सेल्फची मोटर इंजिनाला जोडणारा भाग, खराब झाल्याची शंका घ्यावी. या इंजिनाचे हे जुने दुखणे असून, उतरलेल्या बॅटरीवर वारंवार सेल्फ मारल्याने ते बळावते. पुढच्या शॉकअपच्या सीलमधून ऑइल झिरपते का आणि पुढचे चाक उचलून हँडल फिरवल्यावर ते मध्यावर अडकते का, हेही पाहावे. हँडल अडकत असेल, तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) गेला असे समजावे. टायरच्या बाजूवर ठसवलेल्या चार आकड्यांतून तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात बनला, हे कळते. जुनी क्रूझर पुष्कळदा पावसाळाभर आच्छादनाखाली उभी असते, त्यामुळे नक्षी शाबूत असूनही रबर कडक झालेले असते.

सायलेन्सर आणि हँडल यांबाबत मी अधिक कठोर आहे. दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे ही गाडी 2028 मध्ये नूतनीकरणासाठी आरटीओत तपासणीला न्यावी लागेल. त्या वेळी असे बदल अडचणीचे ठरतात, आणि मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरवर वाहतूक पोलीस त्याआधीही कारवाई करू शकतात. म्हणून मूळ सायलेन्सर विक्रेत्याकडून मागून घ्यावा. तो देता येत नसेल, तर नवा बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहावेत, थकलेली ई-चलने विक्रेत्याला भरायला लावावीत आणि गाडीवर कर्ज होते असे दिसल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म 35 घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या घेऊन 14 दिवसांत हस्तांतरणाचा अर्ज करावा. विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) विक्रेत्याचा असतो, गाडीचा नसतो, त्यामुळे हप्त्याचा हिशेब त्याविना करावा.

प्रश्न : माझी 2012 सालची अव्हेंजर 220 पंधरा-वीस दिवस उभी राहिली, की चोक देऊनही सुरू होत नाही. काय करावे?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : गाडी उभी असताना कार्ब्युरेटरच्या (पेट्रोल व हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) फ्लोट बाऊलमधले, म्हणजे त्याच्या तळच्या वाटीतले, पेट्रोल उडून जाते आणि मागे राहिलेला चिकट थर पायलट जेटचे, म्हणजे गाडी सुरू होताना पेट्रोल सोडणाऱ्या नळीचे, बारीक छिद्र बुजवतो. सध्याच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे, ते हवेतील ओलावा ओढत असल्याने, दीर्घकाळ उभ्या गाडीची टाकी गंजण्याचाही धोका वाढला आहे. एकदा कार्ब्युरेटर उघडून जेट साफ करून घ्यावे आणि जुने पेट्रोल पाइप त्याच वेळी बदलावेत. पुढे गाडी ठेवताना टाकी जवळपास भरलेली असावी, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) बंद करून बाऊलमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू द्यावे. आपल्या गाडीला किक नसल्यामुळे बॅटरी उतरली तर ढकलण्यावाचून उपाय उरत नाही. तेव्हा आठवड्यातून एकदा वारज्यापर्यंत एक फेरी मारणे सर्वांत स्वस्त पडेल.