आयसीयूची ड्युटी आणि ऑनलाइन पीजी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा झालेली नर्स) आहे, खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत बरीच वर्षं झाली. इन्स्टावर एक जाहिरात बघून नंबर टाकला आणि आता रोज फोन येतो, 'एका वर्षात एमएस्सी नर्सिंग क्रिटिकल केअर, सगळं ऑनलाइन, परीक्षा पण घरूनच, कौन्सिलची मान्यता आहे मॅडम.' फी हप्त्याने भरायची. मुलगी लहान आहे, नोकरी सोडून कॉलेजला जाणं जमणार नाही. घेऊ का ॲडमिशन?
(एक सिस्टर, सोलापूर)

उत्तर: नको घेऊस. पैसे भरले नसशील तर आधी तो नंबर ब्लॉक कर, मग पुढचं वाच.

यूजीसीच्या 2020 च्या नियमांत दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन कोणते कोर्स चालवता येणार नाहीत त्याची यादीच आहे आणि मेडिकल, डेंटल, फार्मसी यांच्या जोडीला त्यात नर्सिंग पण आहे, त्यामुळे इथल्या कुठल्याही विद्यापीठाची घरबसल्या एमएस्सी नर्सिंग हा विषय तिथेच संपतो. आणि एमएस्सी असते दोन वर्षांची. तिला बेसिक (बारावीनंतरची) नाहीतर पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची) बीएस्सी लागते, त्यात 55 टक्के लागतात, वर एक वर्षाचा अनुभव. जीएनएमवर थेट एमएस्सी देतो म्हणणाऱ्याला एकतर हे माहीत नाही किंवा चांगलंच माहीत आहे. सर्टिफिकेट येईल गं घरी, सोनेरी बॉर्डरचं पण येईल, पण ते घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे जादा क्वालिफिकेशन नोंदवायला गेलीस की हात हलवत परत यावं लागेल.

हा नियम उगाच नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हा दोन वर्षांचा पीजी कोर्स बघ, त्यात 20 टक्के थिअरी आणि 80 टक्के क्लिनिकल, तेही रेसिडेन्सी पद्धतीने. व्हेंटिलेटरचे मोड व्हिडिओवर कळतात, पण वेनिंग (व्हेंटिलेटर हळूहळू कमी करणं) चालू असताना पेशंट दमतोय हे मॉनिटरच्या आधी त्याच्या खांद्यांवरून आणि मानेवरून ओळखायचं, नॉरॲडची (बीपी टिकवणाऱ्या औषधाची) सिरिंज बदलताना बीपी पडू द्यायचं नाही, प्रोन केलेल्या (पालथं झोपवलेल्या) पेशंटची ट्यूब सांभाळायची, हे कुणीतरी शेजारी उभं राहून करून घेतल्याशिवाय येत नाही. तुला यातलं बरंचसं येत असणार. फक्त ते कागदावर नाही, आणि तुझी खरी अडचण तीच आहे.

तर कागदासाठी: पोस्ट बेसिक डिप्लोमा इन क्रिटिकल केअर नर्सिंग, एक वर्षाचा, रजिस्टर्ड जीएनएमला चालतो. फुलटाइम असतो, पण बराचसा वेळ आयसीयूतच जातो, म्हणून स्टायपेंड आहे का हे पहिल्याच फोनला विचार, लाजू नकोस. पुढे एमएस्सी किंवा नर्स प्रॅक्टिशनर करायचं असेल तर आधी पोस्ट बेसिक बीएस्सी. ती कॉलेजातून दोन वर्षांची, आणि नोकरी सांभाळून करायची तर इग्नूची (मुक्त विद्यापीठाची) तीन वर्षांची, ती त्या बंदीला अपवाद आहे, पण एन्ट्रन्स असते, प्रॅक्टिकलला हजर राहावंच लागतं आणि प्रवेश सध्या चालू आहेत का ते आधी विचार. कुठलंही कॉलेज असो, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते, त्यात त्या कॉलेजचं नाव *त्याच कोर्सपुढे* आणि *चालू वर्षाला* आहे का बघायचं. एजंटने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं मान्यतेचं पत्र बघायचं नाही.

एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी), ईसीजी, सेप्सिस यांचे छोटे ऑनलाइन कोर्स मात्र जरूर कर, ज्ञानासाठी. सीएनईचे (नर्सच्या निरंतर शिक्षणाचे) तास धरतात का ते आधी विचारून घे.

प्रश्न: मी मूळची रत्नागिरीची, इंग्लंडमध्ये एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) आयसीयूत बँड 5 (स्टाफ नर्सची सुरुवातीची ग्रेड) आहे, अजून वर्ष व्हायचंय. इथे युनिव्हर्सिटीचे क्रिटिकल केअर मॉड्यूल बरेचसे ऑनलाइन असतात. स्वतः पैसे भरून लगेच सुरू करू का?
(एक वाचक, लेस्टर)

उत्तर: थांबा थोडं. तुमच्याकडे नॅशनल कॉम्पिटन्सी फ्रेमवर्क (आयसीयू नर्सला काय काय यायला हवं याची टप्प्याटप्प्याची पुस्तिका) आहे, त्यातली स्टेप 1 साधारण पहिल्या वर्षात पुरी करायची असते आणि युनिव्हर्सिटीचा कोर्स बहुधा स्टेप 2 आणि 3 सोबत येतो, कारण लेक्चर ऑनलाइन असली तरी पुस्तिकेवरच्या सह्या तुमच्याच युनिटमधला ॲसेसर बेडजवळ बघून करतो. स्टेप 1 अर्धवट ठेवून मॉड्यूल घेतलं तर असाइनमेंट, पुस्तिका आणि नाइट्स तिन्ही एकदम अंगावर येतील.

पैशाचं म्हणाल तर प्रॅक्टिस एज्युकेटरला (युनिटमधल्या शिकवणाऱ्या नर्सला) गाठा. तिथल्या आयसीयूच्या मानकांप्रमाणे युनिटमधल्या निदान 50 टक्के रजिस्टर्ड नर्सेसकडे क्रिटिकल केअरचं पोस्ट-रजिस्ट्रेशन शिक्षण असायला हवं, म्हणजे तुम्हाला शिकवण्याची गरज त्यांनाही आहे. ट्रस्ट (हॉस्पिटल चालवणारी एनएचएसची संस्था) बऱ्याचदा फी भरतो. मात्र बदल्यात अमुक काळ सोडून जायचं नाही अशी अट कागदात असू शकते, सही करण्याआधी वाचा, विशेषतः गावाकडे परतायचा विचार असेल तर. लेव्हल 6 (पदवीची पातळी) की 7 (मास्टर्सची)? बीएस्सी असेल आणि लिहायचा कंटाळा नसेल तर 7 घ्या, कोर्सचे 60 क्रेडिट पुढे 180 क्रेडिटच्या मास्टर्समध्ये धरले जाऊ शकतात. बँड 6 ला अर्ज करताना हा कोर्स हमखास विचारतात.

प्रश्न: क्रिटिकल केअरचा डिप्लोमा केल्यावर पगार किती वाढेल?
(एक ब्रदर, नांदेड)

उत्तर: त्याच हॉस्पिटलात राहिलात तर फारसा नाही, कधीकधी काहीच नाही. वाढतो तो दुसरीकडे इंटरव्ह्यूला बसल्यावर. म्हणून ॲडमिशनआधी मेट्रनना स्पष्ट विचारा की कोर्सनंतर ग्रेड बदलणार का, आणि उत्तर ईमेलवर मागा.